जोत्यावरचं माप

माझ्या पर्समध्ये कंगवा नसला तरी चालायचं, टेप मात्र हवीच. तीस फुटी, स्टीलची, पिवळ्या पट्टीची. शाळाशाळांतून माझ्या पाठीमागे मला 'टेपवाल्या बाई' म्हणत, हे मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला सांगू, ऐकून बरंही वाटायचं. अठ्ठ्याण्णव साली मी शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी झाले आणि पुढची आठ-नऊ वर्षं रत्नागिरीच्या आसपासच्या शाळा पालथ्या घातल्या. खासगी संस्थेला नवा वर्ग सुरू करायचा तर सरकारची मान्यता लागते, आणि मान्यतेआधी तपासणी. खोली केवढी, खिडक्या किती, मुलींसाठी वेगळी सोय आहे का, पिण्याचं पाणी कुठून येतं, मैदान कोणाच्या नावावर आहे, हे डोळ्यांनी बघून अहवाल लिहायचा, हे माझं काम. संस्थेची माणसं पुढे पुढे करत, शहाळं सोलून देत, निघताना आंब्याची पेटी जीपमध्ये सरकवायला बघत. मी शहाळं प्यायचे, पेटी परत द्यायचे आणि टेप काढायचे.

एका संस्थेच्या अध्यक्षांनी तर मला तोंडावर सांगितलं होतं, "बाई, तुम्ही सासू झालात की सुनेचं कठीण आहे." मी हसले, आणि त्यांच्या प्रस्तावावर 'मैदान नाही' असा शेरा मारून आले. मैदान खरंच नव्हतं. त्यांनी दाखवलं होतं ते मळणीचं खळं होतं.

ही गोष्ट मात्र खाडीकाठच्या एका गावाची आहे. भाट्याचा पूल ओलांडून दक्षिणेला बरंच आत गेलं की लागणारं गाव. मुसलमानांची घरं जास्त, त्यांना लागून भंडारी आणि मासेमारी करणारे खारवी. दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. गावात आमच्या खात्याची शाळा होती, सातवीपर्यंत. हायस्कूल खाडीच्या पलीकडे. तिथे जायचं तर तरीत बसून, म्हणजे माणसं ने-आण करणाऱ्या होडीतून. पावसाळ्यात तर बंद. मग रस्त्याने वळसा घालून दोन एस्ट्या बदलायच्या, आणि त्यातली दुसरी यायचीच असं नाही. मुलगे कसेबसे जात. मुलींची सातवी झाली की दप्तर खुंटीला लागायचं. कोणाला वाईट म्हणावं असं त्यात नव्हतं. आया रडायच्या, बाप आखातातून फोनवर 'बघू' म्हणायचे, आणि मुलगी घरात राहायची.

गावाने मग स्वतःची संस्था काढली. अध्यक्ष होते एक चाचा. उभी हयात मालवाहू बोटींवर सारंग म्हणून काढलेली, खलाशांचे मुकादम. सत्तरीला आलेले, पाठ ताठ, डोक्यावर पांढरी टोपी आणि पायात कुठल्या तरी बंदरातली बळकट चप्पल. आमच्या कार्यालयात ते पहिल्यांदा आले तेव्हा अर्जाबरोबर अकरा मुलींची यादी जोडून आले होते. अर्जाला यादी जोडायची नसते, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "जोडायची नाय तं नको, पन तुमी वाचा तरी." मी वाचली. अकराही मुली त्या वर्षी सातवीत होत्या. जूनमध्ये आठवी सुरू झाली तर त्या शाळेत बसणार होत्या, नाही झाली तर घरात. प्रकरण इतकं साधं होतं.

मी त्यांना नियमांचा सायक्लोस्टाइल केलेला कागद दिला. त्यात लिहिलं होतं, खोली पंचवीस फूट बाय वीस फूट. त्यांनी कागदाची चार घड्या घालून छातीच्या खिशात ठेवला आणि गेले.

तपासणीला मी मे महिन्यात गेले. प्रस्ताव महिनाअखेर वरच्या कार्यालयात पोचायला हवे होते. त्यानंतर आलेला प्रस्ताव पुढच्या वर्षीचा धरत. गाव सगळं जमलं होतं. खोली बघून मी मनातून खूश झाले, पण तोंडावर काही दाखवलं नाही. जांभ्या दगडाचे ताजे चिरे, अजून तांबडेलाल. कोणी चिरे दिले होते, कोणी वाळू आणून टाकली होती, छपराचे वासे एका भंडाऱ्याच्या आगरातले. तीन खिडक्या, पुढे रुंद पडवी, मागे मुलींसाठी वेगळी सोय, आणि तिथे पाण्याचा नळसुद्धा. आमच्या खात्याच्या किती शाळांत असा नळ होता, हे मी मोजायला बसले नाही.

टेपचं दुसरं टोक धरायला मी नेहमी शाळेतलंच मूल घ्यायचे, आणि आकडाही त्यालाच मोठ्याने वाचायला सांगायचे. म्हणजे मागाहून 'बाईंनी कमी मोजलं' असं कोणी म्हणायला नको. त्या दिवशी एक मुलगी पुढे आली. तेरा वर्षांची, सडसडीत, दोन घट्ट वेण्या. यादीतलं पहिलं नाव तिचं होतं. बाप मस्कतला, घरी आई आणि पाठची एक बहीण. मी टेपचं टोक भिंतीला लावलं, डबी घेऊन ती समोरच्या भिंतीपर्यंत गेली, वाकली आणि गप्प राहिली.

"वाच की," मी म्हटलं.

"तेवीस."

दाराशी उभे असलेले चाचा आत आले. "नीट बघ गो."

तिने नीट बघितलं. तेवीसच होते, हे तिला पहिल्यांदाच दिसलं होतं. "तेवीसच, चाचा."

आडव्या बाजूला अठरा भरले. मी कागद काढेपर्यंत ती पुटपुटली, "चारशे चौदा. पायजे पाचशे." गुणाकार तिने तोंडीच केला होता. तो कोणाच्या विरुद्ध गेला, हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिचा चेहरा उतरला होता. पण आकडा तिने बदलला नाही. मोठमोठ्या संस्थाचालकांना मी आकडे फिरवताना पाहिलंय, त्यामुळे हे माझ्या फार लक्षात राहिलं.

माझा पारा मात्र चढला. मी चाचांना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. कागद स्वच्छ लिहून दिला होता, वीस बाय पंचवीस, मग ही चेष्टा कशाला?

चाचा गडबडले नाहीत. "बाई, पंचवीस बाय वीसच हाय. मी सोता उबा ऱ्हावून जोता मापून घेतलाय. चला, भायेर मापा."

बाहेर मापलं. जोतं, म्हणजे ज्या चौथऱ्यावर भिंती उभ्या राहतात ते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर पंचवीस होतं, आणि आडवं बरोबर वीस. इंचाचा फरक नाही. कोकणात घराचं माप जोत्यावर सांगतात. गवंडी जोत्यावर बोलतो, सुतार जोत्यावर बोलतो, भाऊबंद वाटण्या करतात तेही जोत्यावर. चाचांनी वीस बाय पंचवीस वाचलं आणि गवंड्याला तेच सांगितलं. चिऱ्याच्या भिंतींची जाडी आणि जोत्याची सोडलेली कड वजा जाता आत तेवीस बाय अठराच उरणार होते. माझ्या वडिलांचं घर चोवीस बाय छत्तीस आहे असं मी लहानपणापासून ऐकत आले, तेही जोत्यावरच. हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं आणि माझा आवाज खाली आला. सरकारी कागदावर 'आतून' हा शब्द घालायचं कोणाला सुचलं नव्हतं. तो कागद आमच्याच कार्यालयातून गेला होता.

चाचा म्हणाले, "आट दिस द्या. ही पडवीकडची भिंत काडताव, पडवी आत घेताव. मंग पाचशाच्या वर जायेल. तुमी परत या आनि मापा."

हे अगदी बरोबर होतं. पडवी सहा फूट रुंद होती. आठ दिवसांनी मे संपायचा होता, पण प्रस्ताव वेळेत गेला असता. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि तेवढ्यात ती मुलगी टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "बाई, आमची जुनी शाळा नाय मापायची?"

तिच्या मनात काही नव्हतं. टेप आली आहे तर सगळंच मापून होऊ दे, इतकंच. सातवीपर्यंतची शाळा पलीकडेच, वाटेच्या वरच्या अंगाला. ती आमच्या खात्याची, म्हणजे एका परीने माझीच. तिथे मी वर्षातून दोनदा जायचे, हजेरी बघायचे, मुलांना पाढे विचारायचे. टेप मी तिथे कधी काढली नव्हती. सरकारला आपल्याच शाळेसाठी कोणाची मान्यता घ्यावी लागत नव्हती.

आम्ही वर गेलो. तिनेच टोक धरलं. अठरा बाय सोळा. "दोनशे अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली. त्या खोलीत सहावी आणि सातवी एकत्र बसत होत्या, पाठीला पाठ लावून. कोपऱ्यातल्या कौलांतून आभाळ दिसत होतं. मुलींसाठी वेगळी सोय म्हणून एक कुडाचा आडोसा होता, त्यालाही दार नव्हतं.

माझ्या डोक्यात तिडीक उठली. कोणावर, ते धड सांगता येणार नाही. दुसऱ्यांच्या खोल्या इंचाइंचाने मोजत मी तालुकाभर मिरवले होते, आणि या अकरा जणींना आम्हीच दोनशे अठ्ठ्याऐंशी फुटांत बसवून शिकवलं होतं. आता त्यांना चारशे चौदाची खोली लहान पडते, असं मी लिहायचं? मी चाचांना म्हटलं, "भिंत काढू नका. पावसाच्या तोंडावर बांधकाम उघडं नको. मी दोन्ही मापं लिहिते. बघू कोण नाही म्हणतंय ते."

चाचा म्हणाले, "बाई, आट दिसांचाच काम हाय."

"माझ्यावर सोडा," मी म्हटलं. ते बोलताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, हे आज कबूल करते.

अहवाल मी एका बैठकीत लिहिला. खोलीचं माप खरं लिहिलं. खाली परिच्छेद जोडला, की याच मुली गेली काही वर्षं शासनाच्याच ज्या शाळेत शिकत आहेत तिथली खोली याहून लहान आहे, सबब खासगी संस्थेला वेगळी फूटपट्टी लावणं न्यायाचं होणार नाही. 'सबब' शब्दाखाली मी रेघ ओढली होती. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला परिच्छेद, असं मला तेव्हा वाटलं.

आमचे साहेब देशावरचे, निवृत्तीला आलेले, फार सौम्य माणूस. त्यांनी अहवाल दोनदा वाचला. चष्मा काढून म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण एका फायलीत दोन भांडणं घालू नका. हे वेगळं लिहा, मी सही करतो. या मुलींचं आधी होऊन जाऊ दे. भिंत पाडताहेत ना, पाडू द्या."

मी ऐकलं नाही. खरं ते लिहायला भ्यायचं का, असं काहीसं बोलले. त्यांनी सही केली. त्यांनी तेव्हा मला दटावलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे मला कितीदा तरी वाटलं. पण दटावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

फाइल वर गेली आणि दहा दिवसांत परत आली. आठवीच्या वर्गाबद्दल तिच्यात अवाक्षर नव्हतं. 'सदर प्राथमिक शाळेच्या इमारतीबाबत सविस्तर खुलासा सादर करावा,' एवढंच. खुलासा द्यायचा तर बांधकामवाल्यांकडून माहिती हवी. त्यांनी कळवलं, ती इमारत त्यांच्या नोंदीत नाही, ती गावाने बांधून दिली होती. मग गावाने ती आमच्या ताब्यात दिल्याचा कागद शोधणं आलं. तो ग्रामपंचायतीत असेल असं सांगण्यात आलं, पण तिथेही नव्हता. मी रोज या टेबलावरून त्या टेबलावर जात होते. चाचांचा प्रस्ताव त्याच फायलीत, त्याच दोऱ्याने बांधलेला, माझ्याबरोबर फिरत होता. तो सोडवून वेगळा करायला गेले तर कारकून म्हणाला, "मॅडम, तुमचाच परिच्छेद आहे, आता खुलाशाशिवाय फाइल हलत नाही." त्याचं काही चुकलं नव्हतं.

जून गेला. शाळा सुरू झाल्या. चाचा एकदा येऊन विचारून गेले, की मान्यता येईतो पोरींना नुसतं बसवू का? मी नाही म्हटलं. मान्यता नसलेल्या वर्गाची नावं कुठल्याच रजिस्टरवर येत नाहीत, पुढे दहावीचा फॉर्म भरता येत नाही, आणि असा वर्ग बंद करायला मलाच यावं लागलं असतं. त्यांनी मान डोलावली. जुलैच्या शेवटी वरून उत्तर आलं. मुदत संपली असल्याने प्रस्तावाचा विचार पुढील शैक्षणिक वर्षासाठी करण्यात येईल.

हे पत्र टपालाने पाठवता आलं असतं. मी स्वतः गेले. वाटेत पाऊस इतका होता की जीप दोनदा थांबवावी लागली. चाचा नव्या खोलीतच बसले होते, एकटे. खोलीत कोणीतरी जाळी सुकत घातली होती. मी पत्र दिलं आणि म्हटलं, "माझ्यामुळे झालं. तुमचं ऐकलं असतं तर मुली आज इथे बसल्या असत्या."

त्यांनी मला ओरडायला हवं होतं. मी तयारीने गेले होते. ते म्हणाले, "तुमी आमच्यासाटीच लिवलात. वाईट वाटून घेव नका." आणि मला घरी नेऊन चहा सांगितला. त्या चहाचा एकेक घोट मला जड गेला. माझा हेतू चांगला होता, पण त्याचं ओझं अकरा मुलींनी उचललं होतं आणि मला संध्याकाळी घरी जाऊन जेवायचं होतं.

पाऊस सरल्यावर त्यांनी भिंत काढली, पडवी आत घेतली. मी डिसेंबरातच जाऊन माप घेतलं आणि चार ओळींचा अहवाल लिहिला. परिच्छेद वगैरे काही नाही. पुढच्या मेमध्ये मान्यता आली. सरकारी शाळेबद्दलचं माझं म्हणणं मी वेगळ्या कागदावर लिहून साहेबांना दिलं. तोवर ते निवृत्तीच्या रजेवर निघाले होते, तरी त्यांनी त्यावर सही केली. तो कागद कुठल्या कपाटात गेला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

जूनच्या अखेरीस मी त्या वर्गाला भेट द्यायला गेले. नवीन सातवी पास झालेल्या मुली होत्या, काही मुलगेही. आदल्या वर्षीच्या अकरा जणींपैकी सहा आल्या होत्या. उरलेल्या पाच कुठे आहेत, हे मी शिक्षकांना विचारलं. दोघी कोळंबी सोलायच्या शेडवर जात होत्या. एकीला मामाने मुंबईला नेलं होतं. एकीने शिवणकाम धरलं होतं, आता आई सोडत नव्हती. पाचव्या मुलीचं त्यांना ठाऊक नव्हतं.

गुणाकार करणारी ती मुलगी आलेली होती. वर्षभरात उंच झाली होती. शेजारी तिची धाकटी बहीण, रीतसर सातवी होऊन वर आलेली. दोघी बहिणी एकाच बाकावर, एकाच वर्गात, मधे एक पुस्तक. मधल्या सुट्टीत मी तिला बाहेर बोलावलं. मोठ्या माणसाने लहानाची माफी मागायची आपल्याकडे पद्धत नाही. मला ती मागायची होती, पण जमेना. शेवटी सरळ सांगितलं. "मागच्या वर्षी तुमचं काम माझ्यामुळे अडलं. तेव्हाच भिंत काढू दिली असती तर तू आज नववीत असतीस."

"चाचा तं बोल्ले, सरकारनं उशीर केला."

"सरकारने नाही. मी जुन्या शाळेचं माप त्यात लिहिलं म्हणून."

तिने थोडा विचार केला. रागावली वगैरे नाही. मला वाटलं, तिला त्यातल्या त्यात काहीतरी चांगलं सापडलं असावं, कारण तिचा चेहरा जरा उजळला. "मंग जुन्या शाळंला नवी खोली भेटली काय?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग माजा वरीस कुटं गेला, बाई?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आत घंटा झाली. तिने माझ्या उत्तराची थोडी वाट पाहिली, मग 'येते' म्हणून आत गेली आणि बहिणीने सरकून दिलेल्या जागेवर बसली.